ग्रिम्सबी, गुरुवार

या आठवड्याला गाणी फक्त पैशाची.
चर्चमागच्या खोलीतला हीटर
जुनी, गोल पाउंडाचीच नाणी खातो;
डब्यात उरली होती दोन, तीही टाकली.

डेस्मंड, बँकेची शाखा मिटेपर्यंत रोखपाल,
त्यानं लखपतीचं गाणं
नोटा मोजल्यासारखं सरसर वाजवलं,
मध्येच अंगठा ओला केला.
ग्लेनिसचं कर्जाचं. तिची तार उतरली,
थांबलो सगळे.

एनिड युकुलेलेवर नखाऐवजी
नाणं फिरवते. गोल.
नवऱ्याच्या कोटाच्या अस्तरात सापडलेलं,
मुदत संपल्यावर.
"चालत नाही कुठं," म्हणाली, "वाजतं मात्र."

तिच्या दुसऱ्या कडव्यात हीटर विझला.
सगळ्यांनी मीटरकडे पाहिलं,
मग आपापल्या बोटांकडे.
मी मफलर गुंडाळला.
डेस्मंडनं, जरा हळू,
तिच्यामागे ठेका धरला.