वरचा एक-तृतीयांश

वेस्ट्रेच्या पश्चिमेला, कड्यापासून दोन किलोमीटरवर
आम्ही एक पिवळा बोया सोडला आहे.
दर अर्ध्या तासाला तो लाटांची उंची कळवतो.
सगळ्या लाटांची नाही.
सगळ्यांत मोठ्या एक-तृतीयांश घ्यायच्या,
त्यांची सरासरी काढायची
आणि तिलाच समुद्र म्हणायचं, अशी रीत आहे.
उरलेलं दोन भाग पाणी
अहवालात येत नाही.

मी बार्शीची.
एकोणिसाव्या वर्षापर्यंत माझ्यासाठी लाट म्हणजे
उन्हाची.

ऑक्टोबरात गावच्या हॉलमध्ये सभा झाली.
एकतीस खुर्च्या, बाहेर आडवा पाऊस,
ऑर्कनीत तो खालूनही येतो.
मी पडद्यावर यंत्र दाखवलं:
समुद्राच्या तळाला बिजागरीवर उभं पोलादी दार,
लाट आली की लवतं, गेली की उठतं,
आणि त्या उठाबशांतून वीज.

इंगा हार्कसने विचारलं, वीज जाणार कुठे?
दक्षिणेची केबल आत्ताच तुडुंब आहे,
वारा सुटला की पवनचक्क्या बंद ठेवतात
आणि मी मीटरमध्ये पैसे भरून
एक खोली तापवते. एकच.
मी म्हणाले, ते दुसऱ्या टप्प्यात.
दुसरा टप्पा हे शब्द मी फार वापरते.

मग मागून टॉमस सीटर, शेवंडीचे पिंजरे टाकणारा:
तुमच्या भाषेत लाटेला काय म्हणतात?
लाट, म्हटलं.
लाटणं म्हणजे पोळी करणं
आणि लाटणं म्हणजे दुसऱ्याचं गिळंकृत करणंही.
हॉल हसला.
तो हसला नाही. म्हणाला,
मग तुम्हाला कळतंय तर.
माझे साठ पिंजरे उतरतात
तिथेच तुमचं दार आहे.

जानेवारीत, नऊ मीटरच्या रात्री, साखळी तुटली.
स्क्रीनवरचा ठिपका उत्तरेकडे चालत गेला
आणि विझला.
अकराव्या दिवशी टॉमसने बोया ओढत आणला,
पोटाला शेवाळ, डोक्यावर पक्ष्यांची शिट.
पैसे नको म्हणाला.
उलट माझ्या टेबलावर बिस्किटांचा एक डबा ठेवला.
आत वह्या. एकोणचाळीस वर्षांच्या.
रोजची एक ओळ.
गेलो. गेलो. नाही. गेलो. नाही. नाही. नाही.
तुझ्या बोयाला, म्हणाला, दोनच वर्षांचं आठवतं.
(इंग्रजीत तू आणि तुम्ही एकच.
मला तू ऐकू आलं.)

तीन आठवडे मी नाही मोजत बसले.
चार हजार दोनशे सात.
वाऱ्याच्या जुन्या नोंदींशी जुळवून पाहिले:
पश्चिमेची लाट अडीच मीटरवर गेली की नाही,
त्याखाली गेलो.
माणूस यंत्राहून नेमका.
फक्त एका जूनमध्ये
नऊ दिवस भांगाचं पाणी, वारा पडलेला,
समुद्र ताटात वाढल्यासारखा,
आणि वहीत नऊ वेळा नाही.
दहाव्या दिवशी गेलो.
अक्षर तेच. शाई निराळी.

इंगाला विचारलं असतं तर तिने सांगितलं असतं,
बेटावर सगळे सगळं सांगतात.
मी विचारलं नाही.
नियमाने असे बिंदू गाळायचे असतात.
मी त्या नऊ ओळींपुढे शंकास्पद असा शेरा मारला,
कारणाचा रकाना
कोरा ठेवला,
आणि गाळल्या नाहीत.

दार पुढच्या मे महिन्यात बसेल.
केबल अजून तुडुंबच आहे,
इंगा अजून एकाच खोलीत राहते,
आणि तिला दुसरा टप्पा म्हणायचं धाडस
मला आता होत नाही.
नकाशावर मात्र मी दार
चारशे मीटर दक्षिणेला सरकवलं आहे.
ग्लासगोच्या ऑफिसला कळवलं,
आधीच्या जागी तळाचा खडक ठिसूळ निघाला.

खडक उत्तम आहे.