साडेसातशे ग्रॅम

टोकात एक स्प्रिंग असते, करंगळीच्या नखाएवढी.
साडेसातशे ग्रॅमचं वजन ठेवलं
तरी तिने ते परत वर ढकललं पाहिजे.
नाही ढकललं तर तलवार बाद.
कालिंदीच्या तलवारींची ही परीक्षा
अकरा वर्षं आधी घरी झाली, मग मैदानात.
वजन भायखळ्याच्या भंगारातलं,
वाण्याच्या काट्यावर दोनदा तोलून आणलेलं.

मी बेस्टचा वायरमन. माझगाव, डॉकयार्ड, डोंगरी,
या पट्ट्यातले रस्त्यावरचे दिवे माझ्या हाताखालून गेलेत.
पोरगी फेन्सिंग करते म्हटलं तर
आमचे पाटणकर सुपरवायझर म्हणाले,
बरं आहे की नाचणे, कुंपणाच्या कामात पैसा आहे.
मी हसलो. मलाही तेव्हा नीट माहीत नव्हतं.

रे रोडच्या शाळेचा हॉल, सहा ते आठ.
आठनंतर कॅरम. लग्नसराईत तिथेच पंगत.
एकदा पट्टीवर जिलबीचा पाक सांडलेला,
डायस सर गुडघ्यांवर बसून ओल्या फडक्याने पुसतायत
आणि मान वर न करता सांगतायत,
पाय, पाय. हात नंतर.
घरीही ती तशीच चालायची, पुढे दोन, मागे एक,
ओट्यापासून गॅलरीपर्यंत,
हातात दुधाचं पातेलं.

उजवी मांडी डावीपेक्षा दोन इंच भरली.
शिंपी म्हणाला, मापात चूक आहे.
चूक नाही, तसंच शिवा, ती म्हणाली.
एक स्थळ आलं होतं चेंबूरचं.
मुलाच्या आईने दंडावरचे निळे डाग पाहिले,
माझ्याकडे पाहिलं,
आणि चहा अर्धा ठेवून उठल्या.

मग अंधेरी. उपांत्य सामना. चौदा-चौदा.
समोर इम्फाळची डावखुरी.
हिचा वार मनगटावर बसला. मी पाहिला.
पातं कमान होऊन वाकलेलं पाहिलं.
दिवा लागला नाही.
ही अर्धा श्वास थांबली, दिव्याकडे बघायला,
तेवढ्यात तिचा लागला.
पंचांनी वजन ठेवलं, स्प्रिंगने उचललं.
टोक बुटावर दाबलं, दिवा लागला.
पुन्हा दाबलं, पुन्हा लागला.
पंधरा-चौदा.
हिने सलामी दिली, हात मिळवला, बॅग उचलली.

रात्री सगळे झोपल्यावर मी ते पातं वाकवलं.
खाचेतली तार, केसाएवढी,
मी चिकटवली होती तिथेच तुटलेली.
पातं सरळ असलं की टोकं भिडायची,
वाकलं की सुटायची.
अख्ख्या वॉर्डात उजेड ठेवणारा माणूस.
नवी तार ओढली. कोणाला बोललो नाही.

त्यानंतर ती चार वर्षं खेळली. दोन कांस्य,
एक गुडघा.

या खेळात दोघांचे वार
सेकंदाच्या पंचविसाव्या हिश्श्याच्या आत बसले
तर दोन्ही दिवे लागतात, गुण दोघांना.
तसंच झालं मागच्या गणपतीत, मोदक वळताना.
ती म्हणाली, बाबा, आता बास करते.
मी म्हणालो, कालिंदी, ती अंधेरीची तार.
मग दोघंही गप्प. तू बोल, तुम्ही बोला.
माहीत होतं, ती म्हणाली.
परत येताना बसमध्येच वाकवून पाहिलं होतं.
मोदकाची एक पाकळी फाटली होती, ती तिने
ओल्या बोटाने मिटवली.

आता मंगळवारी-शुक्रवारी रे रोडला ती नऊ पोरं शिकवते.
त्यांच्या तलवारी दुरुस्तीला आमच्या ओट्यावर.
टोकाचे दोन स्क्रू मोहरीहून लहान,
मला दिसत नाहीत हल्ली. ती बसवते.
मी टॉर्च धरतो.
जरा डावीकडे, बाबा.
हं. तिथेच.