घंटेची दोरी

मला समुद्र दिसत नाही.
माझी जागा लाँचच्या पोटात,
डिझेलचा वास जिथे भाकरीच्या फडक्यातही मुरलेला,
डोक्यावर फळ्या, फळ्यांवर शंभर माणसांचे पाय.
वर कासम सारंग पाहतो. खाली मी ऐकतो.
घंटा माझ्या कानाशी, दोरी त्याच्या हातात.
एक टोल, पुढे.
दोन, थांब.
तीन, मागे.
एकवीस वर्षं आमच्यात एवढंच बोलणं.

त्या दिवशी भाऊच्या धक्क्यावरून सुटलो तेव्हा
वारा नुसता खोकत होता.
बावटा चढला म्हणे आम्ही सुटल्यावर.
बुचर बेटाच्या टाक्या मागे पडल्या
(खिडकी नाही, पण तिथे पाण्याचा सूर बदलतो)
आणि लाँच एका कुशीवर झाली,
परतली, पुन्हा झाली,
तापातल्या पोरीसारखी.

तळाचं पाणी घोट्याला लागलं.
माझी एक चप्पल तरंगत पंपाकडे गेली.
वर कुणी ओकलं, कुणी दर्याला नारळ बोललं,
एक पोरगं मोठमोठ्याने पाढे म्हणत होतं,
सतराचा, चुकत चुकत.
नाळ खाली कोसळली की मागे पंखा हवेत,
इंजिन किंचाळायचं,
हात आखडायचा, पाणी लागलं की पुन्हा सोडायचा.

मग एक टोल. आणि पुढचा
अर्धाच राहिला.
दोरी सळसळत खाली आली,
माझ्या पायाशी पडली, ओली.

इंजिनवाल्याला कशाची भीती वाटते विचारा.
लाटेची नाही.
सांगणारं कुणी नसण्याची.

तेवढ्यात झाकणाच्या चौकोनात एक तोंड आलं.
बारकीबाई, करंज्याची, सुकटवाली.
पदर दातात, कुंकू गालापर्यंत ओघळलेलं,
एक हात खांबाला, एक टोपलीला.
"सारंग सांगतंय, आस्ते!"
त्याच आवाजावर तिने तीस वर्षं
भर बाजारात बोंबील खपवले होते,
वाऱ्याचं काय घेऊन बसलात.
"आस्ते रं!"
"आता पुरं!"
"मागं, मागं, मेल्या, ट्रॉलर हाय समोर!"
आस्ते आणि मेल्या,
हे घंटेत कधीच नव्हतं.

तासाभराच्या वाटेला दोन तास लागले.
मोऱ्याला ओहोटी, गाळ,
तीनदा धक्का हुकला,
चौथ्यांदा पोशाचा दोर खुंट्याला बसला.
"बंद कर," ती म्हणाली.
पहिल्यांदाच हळू.

उतरताना सारंगापुढे हात पसरून उभी:
"तिकिटाचं पैसं दे परत. काम तर मीच केलंय."
कासमने दिले. मोजून, सुट्टे.

आता नवी दोरी आहे, निळी, नायलॉनची.
घंटा खणखणीत वाजते.
परवा ऊन होतं, पाणी परातीतल्यासारखं,
आणि वरून कुणी ओरडलं, "थांब!"
मी थांबवलं.
भर खाडीत लाँच नुसती डुलत उभी.
वर बारकीबाई
चणेवाल्या पोराला हाक मारत होती.

सारंगाने शिवी दिली,
घंटेनेच दिली:
दोन, तीन, एक,
मग नुसता खणखणाट.