माळावर जाताना काय घ्यायचं

ऐक बे श्रीहरी, आधी ती निळी पिशवी टाक.
प्लॅस्टिक बोलतंय,
आणि नान्नजच्या माळावरचा वारा चुगलखोर,
ऐकलेलं सगळं काळविटाच्या कानात नेऊन सोडतो.
भाकरी फडक्यात बांध. मऊ बांध.
कडक भाकरी आपल्या गावाची शान, मान्य,
पण एक कुर्रकन घास मोडला
की दोनशे पावलांवरचा कळप मान वर करतो,
मग दिवसभर नुसत्या शेपट्या मोजायच्या.

पाणी काठोकाठ भर,
अर्धी बाटली चालताना डचमळते.
चादर घे, पण तुझ्या बापाच्या मागावरची नवी नको,
तिचा लाल रंग कोसावरून हाका मारतो.
दहा वर्षं धुतलेली बघ,
गवताच्या रंगाला आलेली.
आणि चिमटा.
कुसळ मोज्यातून आत शिरलं
की माणूस नको त्या वेळी आईला बोलावतो.

दुर्बीण तुझी आहेच. घड्याळ काढून ठेव,
उन्हात त्याचा आरसा होतो.
माती आणायची नाही, ती तिथंच मिळते,
चिमूटभर सोडायची बोटांतून
आणि ती जाईल त्याच्या उलट चालायचं.

हे आज्यानं शिकवलं. सुरपत काळे.
त्याच्या झोळीत काय असायचं सांगू?
तातीचे चाळीस फास, बाभळीच्या खुंट्या,
फुटाण्यांची एक पुडी,
मागं दोरीला पाळलेला नर, शिंगांत फास गुंतवलेला,
रानातला नर अंगावर आला की तोच अडकायचा.
शिवाय भूक. ती कधी घरी विसरला नाही.
एवढं सामान घेऊन चालायचा,
आणि टिटवीसुद्धा उठायची नाही.

मी खाकी शर्ट घालतो. रोजंदारीवर.
त्यानं धरली, मी मोजतो.
लोक हसतात. हसू देत.

गेल्या माघात मार्डीच्या शिवेला
कुणीतरी डुकरासाठी क्लचची तार लावलेली,
त्यात मादी. मागचा पाय.
ओढेल तेवढं आवळत होतं.
माझ्याकडं वही होती, पेन होतं, शिट्टी होती,
पक्कड नव्हती.
चादर टाकली तिच्या डोळ्यांवर,
पोटाशी गुडघा रोवला,
तिचं काळीज माझ्या मांडीत धडधडायला लागलं.
आणि बोटांनी आपापलंच केलं:
फास ओढायचा नसतो बे,
आत ढकलायचा असतो.
लहानपणी चुलीपाशी बसवून
आज्यानं शंभरदा बांधून घेतलेली गाठ,
त्या दिवशी पहिल्यांदा उलटी वापरली.

उठली. तीन पावलं लंगडली,
चौथ्याला हवेत होती.
मागं वळून बघितलं नाही,
बघावं असं आमच्यात काही नव्हतंही.

रजिस्टरात लिहिलं: मादी, एक.
पुढं रकाना होता, 'वापरलेले साहित्य'.
बराच वेळ पेन धरून बसलो.
शेवटी लिहिलं, चादर.

तेव्हापासून पक्कड घेतो. तूही घे.
वही बांधायला दोरी लागली तर माझ्याकडं आहे,
जुनी आहे, तातीची, लई चिवट.
गाठ मी सोडून देईन,
तू ओढू नकोस.