उणे सात

दुपारी दीडलाच काळोख होतो इथे डिसेंबरात,
तेव्हा मी बेटं मांडायला बसते.

ओन्नीनं घालून दिला हा खेळ टॅबलेटवर.
म्हणाला, "हिल्क्कामावशी, यात घड्याळ नाही,
शत्रू नाही, कुणी मरतसुद्धा नाही."
मग आहे तरी काय?
"घरं," म्हणाला, "आणि ती कुठे ठेवायची, ते."

पहिल्या रात्री मी नुसतं पाणी ऐकलं.
कुणी घाई करत नव्हतं.
एकतीस वर्षं तीन पाळ्यांत काढलेल्या बाईला
हे जरा संशयास्पदच वाटतं.
कारखान्यात कागद फाटला की भोंगा व्हायचा,
आणि सगळे धावायचे रिळाकडे.
इथे काही फाटत नाही.
कोपऱ्यात मागे वळलेला एक बाण आहे,
तो दाबला की तोडलेलं झाड पुन्हा उभं राहतं,
ठेवलेलं घर परत हातात येतं, जसंच्या तसं.

त्या बाणानं मला बिघडवलं.
एकच पवनचक्की मी चाळीसदा हलवली.
तौनो असता तर म्हणाला असता,
"आधी वारा कुठून येतो ते तरी बघ."
या खेळात वाऱ्याला दिशा नाही, तौनो.
करणाऱ्यांच्या ते ध्यानातच आलं नसावं.
बाकी काम चोख आहे. मेंढ्या तर फारच छान.

खालच्या मजल्यावर सिस्को राज्यं चालवते.
तिचा खेळ वेगळा, तिथे फौजा असतात.
एक गुडघा बदललेला, दुसरा तारखेची वाट बघतोय,
आणि हिचं घोडदळ डोंगरापलीकडे.
रात्री अकराला फोन:
"गहू दिला आणि तह केला गं, आता झोपते."

माझे हिशेब साधे.
गवतावर मेंढी, अधिक दोन.
विहिरीपाशी घर, अधिक पाच.
कारखान्याला खेटून घर,
उणे सात.

नवव्या बेटावर हातात कारखाना आला.
विटांचा, अंगठ्याच्या नखाएवढा, त्याला एक धुराडं.
मी तो नदीच्या मुखाशी ठेवला,
कारण तो तिथेच असतो.
मग त्याच्या कुंपणाला लागून एक घर. उणे सात.
त्याच्या शेजारी दुसरं. पुन्हा उणे सात.
सिस्कोचं, ती तेव्हा तिथेच राहायची.
पाळी सुटली की जिथे बियर मिळायची, ते.
आमचं, पिवळं, टोकाचं.
पोरांच्या शाळेला तुकडा नव्हता,
म्हणून देवळाचा वापरला.

बेट बुडालं नाही.
फक्त दहावं उघडेना.
आकडा तांबडा होऊन खाली थांबला,
आणि पाणी वाजत राहिलं, पूर्वीसारखंच.

रविवारी ओन्नी आला, खांद्यावरून डोकावला.
"अडकलीस का, मावशी? मागे घे ना,
सहा चालींत सुटतंय हे."
आणि त्याचं बोट बाणाकडे निघालं.
मी त्याचा हात धरला, जरा जोरातच.
तो गप्प बसला. शहाणा आहे.
थोड्या वेळानं म्हणाला, "धूर काय सुरेख केलाय."

केलाय खरा. सरळ वर जातो, बारीक, पांढरा.
वास तेवढा नाही.
गंधकाचा, कुजल्या कोबीसारखा यायचा तो,
दोरीवरच्या चादरींत बसायचा,
आणि पाहुण्यांनी नाक दाबलं की
आम्ही म्हणायचो, पगाराचा आहे, घ्या भरून.

मी उठून खिडकी बोटभर उघडली.
बाहेर उणे एकवीस.
बर्फ, दिवा, सिस्कोची कुबडी टेकवलेली सायकल.
हुंगून पाहिलं.

बंद केली खिडकी, कॉफी ठेवली.
ओन्नीला दूध लागतं वरून,
ते संपलं होतं.