वीस मिनिटं

लाइपझिगच्या त्या लांबट वॉर्डात
सोळा खाटा, दोन शेगड्या
आणि मी, झिडोनी.
मोजमाप म्हणजे माझा तळहात.
कपाळाला टेकवायचा नि सांगायचं:
कणकण आहे. अंग तापलंय. फणफणलाय.
सगळा ताप तीन शब्दांत मावायचा.

मग काच आली.
दीड वीत लांब, बुडाशी चिमूटभर पारा.
काखेत धरायची, दंड अंगाशी दाबून,
वीस मिनिटं.
सकाळी एकदा, दिवे लागल्यावर पुन्हा.
माझ्या मनगटाला मुंग्या येत.
मोठे डॉक्टर म्हणाले, ताप म्हणजे रोग नव्हे,
रोगाची सावली.
सावली मोजायची, तर सावलीइतकंच गप्प बसायला हवं.

बसले.
चौकटीच्या कागदावर ठिपका, ठिपक्यापुढे रेघ.
सकाळी जरा उतार, संध्याकाळी चढ,
रोज आदल्या दिवसाहून एक पायरी वर.

नवव्या खाटेवर लेबरेख्त, छापखान्यातला खिळेजुळारी.
उलटी अक्षरं वाचण्यात जन्म गेलेला.
त्यानं कागद मागून उजेडाला धरला
आणि हसला:
हे बघ, इकडून मी बरा होत चाललोय.

एकदा म्हणाला,
इतका वेळ माझा हात
आईनंही धरला नव्हता. अकरा भावंडं होतो.

सतराव्या दिवशी पारा घसरला.
चाळीसवरून छत्तीसवर, एका दुपारीत.
शिकाऊ डॉक्टर टाळी वाजवायचाच बाकी होता.
उतरला! उतरला!
माझी बोटं नाडीवर होती.
नाडी पळत सुटलेली,
कपाळ ओलं, भिंतीसारखं गार.
काच खोटं बोलत नव्हती.
हातही नाही.
कागदावर दोन रेघा एकमेकींना छेदून गेल्या
आणि पुढच्या चौकटी
मी कोऱ्या ठेवल्या.

त्याला बरीच वर्षं झाली.
आता नवी काच आलीय, करंगळीहून थोडी मोठी,
एप्रनच्या खिशात मावते.
पाच मिनिटांत सांगून मोकळी.
नव्या पोरी खूश आहेत. मनगट माझंही दुखत नाही.

नवव्या खाटेवर सध्या टोपल्या विणणारी एक बाई आहे,
बोटांना वेताचे चरे.
पाच मिनिटं होतात.
आकडा मी वाचते, मनात ठेवते,
दंड सोडत नाही.
कुणी विचारलंच तर सांगते,
थांबा,
पारा अजून चढतोय.