कोरडा दिवस

शुक्रवार. माझ्या रजिस्टरात कोरडा दिवस.
खांद्याला पिशवी, पिशवीत टॉर्च, अ‍ॅबेटची बाटली
आणि शाळेतून मागून आणलेला खडू.
एकेका दारावर तारीख टाकत चालले आहे.

पोळ्यापासून गाव वाकलं आहे.
दिनबा मसरामची मूठ मिटत नाही,
विळा पडवीत, धान गवतात.
तो आणि त्याची सत्तरीची माय
भिंत धरून, एकाच चालीनं परसात जातात.
राम राम कुणी घालत नाही,
विचारतात, "पेशी किती?"
आठवडी बाजारात पपईची पानं विकायला बसली,
बकरीच्या दुधाला भाव आला.
मसरामांच्या शेजारची प्राजू, सातवीतली, पेशी सतरा हजार.
गडचिरोलीच्या गाडीमागं आम्ही पुलापर्यंत गेलो.
पुढचं रजिस्टरात लिहिलं आहे.
इथं लिहीत नाही.

पंचफुलाबाईच्या रांजणात टॉर्च मारला.
पाण्यात स्वल्पविराम नाचत होते,
उजेड पडला की तळाला, गेला की वर.
म्हटलं, ओतून टाका.
"नळ आठव्या दिवशी येते, बाई. आज पाचवा.
तुह्या खडूनं तहान भागते काय?"
मी बाटलीचं झाकण उघडलं, पुन्हा लावलं.
मग दोघींनी लुगड्याचं फडकं दुहेरी धरलं,
कळशी कळशी करून रांजण गाळला.
वळवळ उन्हात झटकली.
वर जुनी परात, परातीवर पाटा.
दारावर तारीख.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पोरांनी मारबत नेली होती,
पळसाच्या फांद्या आपटत, घसे फोडत:
ढेकूण ने, मच्छर ने, रोगराई ने गे मारबत!
मीही ओरडले होते, गुलाबी सरकारी साडीत,
सगळ्यांपेक्षा मोठ्यानं.

परतताना शिवेवर थांबले.
फांद्या काळ्या पडल्या होत्या.
तिच्यासोबत फेकलेलं मडकं तेवढं उभं,
पावसानं अर्धं भरलेलं.
सवयीनं टॉर्च मारला.

नेले होते की तिनं.
सगळे नेले होते.
इथवर.

मडकं पालथं केलं. वजन काहीच नव्हतं,
तरी मनगट कळवळलं.
बोटांची पेरं सकाळपासून ठणकतात,
ते मी खडूवर ढकललं होतं.

घरी खिडकीत कूलर आहे,
मे महिन्यात बंद केला तसाच.
गावात एकच दार राहिलं आहे
तारखेवाचून.